पहिल्या पाटाची शर्यत

सोलापुरात पाण्याचा धंदा कधी बुडणार नाही, यावर माझे आणि साडूंचे एकमत होते. नळाला पाणी काही दिवसांआड येते, उन्हाळा लांबतो आणि लग्नकार्यात गार पाण्याचे जार लागतातच. या हिशेबाने दोघांनी अक्कलकोट रस्त्याला एक गाळा घेतला, बोअर मारले आणि पाणी शुद्ध करायचे यंत्र बसवले. दुसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटले. त्यानंतर काही आठवडे आम्ही टँकरचे पाणी विकत घेतले, शुद्ध केले आणि टँकरवाल्याला दिलेल्या पैशांपेक्षा कमी पैशांत विकले. मग धंदा बंद केला. पाण्याचा धंदा पाण्याअभावी बंद पडल्याची बातमी मी आमच्या पेपरात दिली नाही. इतरांच्या अशा बातम्या दिल्या होत्या.

भांडवल एका पतसंस्थेकडून सोनेतारण कर्ज काढून उभे केले होते. माझ्या पत्नीचे गंठण आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे साडूंच्या पत्नीच्या, पाटल्या तराजूत ठेवल्या, तेव्हा वजन कमी भरले. सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी गळ्यातली बोरमाळ काढली आणि तराजूत टाकली. यंत्र विकून थोडी रक्कम आली. उरलेले कर्ज दोघांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. वाटणीच्या वेळी भांडण झाले नाही. फेडण्याच्या बाबतीतही कुणी घाई केली नाही. साडू भेटले की म्हणत, "तुमचं कसं चाललंय, साडूभाऊ?" मी म्हणे, "तुमच्यासारखंच." दोघांनाही बरे वाटे.

मग पतसंस्थेची सूचना आली. मुदतीत कर्ज न फिटल्यास सोन्याचा लिलाव होणार होता. येत्या उन्हाळ्यात अधिक महिनाही येत होता. धोंड्याच्या जेवणाला दोन्ही मुली, दोन्ही जावई आणि सगळी भावकी सासुरवाडीला, मैंदर्गीला, जमणार हे ठरलेले. भावकीतल्या बायका ताटाआधी गळे बघतात. सासूबाईंनी दोघांना बोलावून घेतले.

"धोंड्याच्या आदी सोनं घरात पायजे," त्या म्हणाल्या. "जो जावई आपली वाटणी आदी फेडील, त्याला पयला पाट. दुसऱ्यानं त्याला वाढायचं. कमरंला पंचा गुंडाळून."

"आणि हरणाऱ्याला जेवण?" साडूंनी विचारले.

"हाय की. मागनं. बायकांच्या पंगतीत."

सासऱ्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत मान डोलावली. या प्रकरणातला त्यांचा सहभाग एवढाच.

हिशेब ठेवायला सासूबाईंनी कोनाड्यात काचेच्या दोन बरण्या मांडल्या. हजार रुपये भरल्याची पावती दाखवली की आपल्या बरणीत एक चिंचोका टाकायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघे मोटरसायकलवरून मैंदर्गीला जात आणि पाया पडायच्या आधी बरण्यांकडे बघत.

साडू चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांनी पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायला सुरुवात केली. भाकरी मेहुणी थापत असे, चटणीही तीच कुटत असे. चिंचोके साडूंच्या बरणीत पडत. मी पेपरात उपसंपादक. दुसऱ्यांचे लिहिलेले दुरुस्त करणे एवढेच कौशल्य. त्याला बाजारात मागणी आहे, हे मला शर्यतीत कळले. लग्नाच्या पत्रिका, स्थळासाठीची परिचयपत्रे, पुण्यस्मरणाच्या जाहिराती आणि मुख्य म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. सोलापुरात वाढदिवस नसलेला माणूस आणि फ्लेक्स नसलेला चौक सापडत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाशी माझा वाद झाला. त्यांना फ्लेक्सवर 'युवकांचे आशास्थान' हवे होते. वय बावन्न होते. मी 'ज्येष्ठ मार्गदर्शक' सुचवले. ते दुसरीकडे गेले आणि तिकडे त्यांना 'युवाहृदयसम्राट' मिळाले. ही बातमी साडूंपर्यंत पोचली.

"एक चिंचोका गेला की हो तुमचा," त्यांनी फोनवर सांगितले. "पैसं देणाऱ्याला म्हातारं म्हणायचं नसतं, साडूभाऊ. मी गेटवर कुणालाबी पैलवानच म्हंतो. काडीपैलवान आसला तरी."

त्यानंतर मी वय विचारणे सोडले.

रोज सकाळी साडू भाकऱ्यांच्या चवडीचा फोटो पाठवत. मी रोज एका फ्लेक्सचा फोटो पाठवी. फोटोंखाली शुभेच्छांऐवजी टोमणे असत. "आज चवड जरा वाकडी दिसतीय," असे मी लिहिले की, "तुमचा साहेब गॉगलमधी बराय, नुसता गॉगलच छापा," असे उत्तर येई. दोघांच्या बायकांचाही एक ग्रुप होता. त्यात काय चालते ते आम्हाला कळत नसे, पण माझी बरणी मागे पडली की त्या दिवशी आमच्या घरी बटाट्याची पातळ भाजी होई. चौकशी केल्यावर पत्नी म्हणे, "पहिल्या पाटावर पुरण खायचंय ना? मग आत्ता हेच खावा."

शर्यतीने कमाई वाढली. खर्चही वाढला. महिन्यात मागे पडणाऱ्याने पुढच्याला मटण खाऊ घालायचे, असा पोटनियम साडूंनी काढला होता. तो आम्ही सासूबाईंना कळू दिला नव्हता. कळल्यावर त्यांनी दोघांच्या बरण्यांतून दोन दोन चिंचोके काढून घेतले. "फेडायचं थोडं आन् चघळायचं लई," त्या म्हणाल्या. "साकु आता." कानडीतले साकु म्हणजे पुरे. सासूबाई मराठीत चिडत आणि कानडीत निकाल देत. कानडी निकालावर अपील नसे.

दुसरी चूक साडूंची एकट्याची. मी एका निवडून आलेल्या पॅनेलचे सगळे फ्लेक्स एकदम मिळवले आणि पुढे गेलो, तेव्हा त्यांनी भाकरी करायचे यंत्र घेतले. हप्त्यावर. कर्ज लवकर फेडण्यासाठी नवीन कर्ज काढल्याचे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. यंत्रातून भाकऱ्या एकसारख्या गोल आणि एकसारख्या जाडीच्या येऊ लागल्या. कामगारांनी त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि परत ठेवल्या. एक जण म्हणाला, "ह्यावर बोटं कुटं हायत?" यंत्र जवळपास आले त्याच भावात परत गेले. मेहुणी पुन्हा परातीशी बसली. तिने साडूंना त्या दिवसापासून पीठ चाळायला आणि शेंगा भाजायला लावले. त्यांची बरणी खऱ्या अर्थाने भरू लागली ती त्यानंतर.

उन्हाळा लागला. फ्लेक्सचे काम थंडावले आणि साडूंनी मला मागे टाकले. अधिक महिना तोंडावर आला असताना त्यांनी आपल्या वाटणीचा शेवटचा हप्ता भरायची तारीख ठरवली आणि मला साक्षीदार म्हणून पतसंस्थेत यायचे आमंत्रण दिले. मी गेलो. साडू इस्त्रीच्या शर्टात होते. मेहुणीने नवी साडी नेसली होती आणि पेढ्यांचा पुडा मांडीवर धरला होता.

"पंचा घेतला का विकत?" साडूंनी विचारले.

"घरात आहे."

"धुऊन ठेवा. वाढताना चांगलं दिसतं."

पैसे भरून झाले. साडूंनी पाटल्या मागितल्या. आतून शिपायाने लाखेची मोहोर लावलेली कापडी पिशवी आणली. कारकुनाने ती टेबलावर ठेवली, पण हात पिशवीवरून काढला नाही.

"बाकीची रक्कम?"

"कसली बाकी? माझी वाटणी फिटली."

"वाटणी तुमची तुमच्यात," कारकून म्हणाला. "इथं पिशवी एक, खातं एक, सह्या दोन. पूर्ण फिटल्याशिवाय मोहोर फोडता येत नाही."

तिन्ही दागिने एकाच पिशवीत घातले गेले होते, दोघांच्या डोळ्यांदेखत. दोघांच्या पावत्यांवर खाते क्रमांकही एकच होता, आणि त्या पावत्या आम्ही महिनोन्‌महिने एकमेकांच्या नाकापुढे नाचवल्या होत्या. तारणाचा अर्ज मी शब्दन्‌शब्द वाचला होता. त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्तही केल्या होत्या. मजकुराकडे लक्ष नव्हते.

मेहुणीने पेढ्यांचा पुडा आपल्या पर्समध्ये परत ठेवला. "दाजी," ती मला म्हणाली, "तुमचं किती ऱ्हायलंय?"

मी सांगितले. साडू बाकावर बसले.

पतसंस्थेच्या पायऱ्यांवरूनच सासूबाईंना फोन लावला. साडू मोठ्याने बोलत होते, त्यामुळे रस्त्यावरच्या दोघातिघांना कर्जाची माहिती झाली. सगळे ऐकून घेऊन सासूबाई म्हणाल्या, "मला ठावं हुतं की. माझ्याच समोर गाठ मारली न्हवं पिशवीला?"

"मग सांगितलं का न्हाय, मामी?"

"सांगितलं आसतं तर दोघंबी एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसला आसता. दोन घरचा पावणा उपाशी ऱ्हातो, जावईबापू. आता एक घर जेवलंय. दुसऱ्याचं बघा." आणि फोन ठेवला.

शर्यतीचा पुढचा टप्पा वेगळा झाला. मला हरवण्यासाठी धडपडलेला माणूस आता मला जिंकवण्यासाठी धडपडू लागला, आणि ही धडपड आधीच्यापेक्षा जास्त त्रासाची होती. साडूंनी कारखान्यात माझी जाहिरात सुरू केली. "माझं साडू पेपरात हायत. आसं लिवत्यात की माणूस रडतंय." हे ते वाढदिवसाच्या गिऱ्हाइकांना सांगत. चिंचोळीत त्या महिन्यात इतके वाढदिवस कसे आले, याचा मी शोध घेतला नाही. एका मुकादमाचा वाढदिवस, त्याच्याच सांगण्यानुसार, दिवाळीत होता. साडूंनी त्याला समजावले होते की दिवाळीत फ्लेक्सला जागा मिळत नाही.

रोज त्यांचा फोन येई. "झालं का लिवून? दोन ओळी ऱ्हायल्या? तुमी लई इचार करता, साडूभाऊ. 'दिलदार' घाला आन् मोकळं व्हा." मी दिलदार घातले. मनमिळाऊ घातले. एका आठवड्यात मी इतके दिलदार लोक जाहीर केले की चौकाचौकात त्यांची गर्दी झाली. त्याखेरीज भाकरी आणि चटणीचे पुडे माझ्या ऑफिसात विकायचे कामही माझ्यावर आले. संपादकांनी चटणी खाऊन पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडच्या एखाद्या गोष्टीत काही दुरुस्ती सुचवली नाही.

धोंड्याच्या जेवणाच्या दिवशीच सकाळी शेवटची रक्कम भरली. साडूंनी त्यात स्वतःचे थोडे घातले. "उसनं न्हाय," ते म्हणाले, "पेढं घेतलं नसतं तर वाचलंच आसतं की." कारकुनाने मोहोर फोडली, दागिने मोजून दिले आणि आम्ही मोटरसायकलवरून निघालो. दोघी बहिणी स्वयंपाकाला आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. साडू चालवत होते. मी मागे, पिशवी शर्टाच्या आत.

अक्कलकोट मागे पडल्यावर साडूंनी मान थोडी वळवली.

"साडूभाऊ, पयला पाट आता कुणाचा?"

"वाटणी तुम्ही आधी फेडली. सोनं मात्र एकदमच सुटलं. जो आधी दारात पाय ठेवील त्याचा धरू."

त्यांना हे पटले. थोडे अंतर गेले.

"गाडी थांबल्यावर आदी कोण उतरतं हो?"

"मागचा."

साडूंनी गाडीचा वेग कमी केला. मग ते म्हणाले, "तुमी चालवा."

"मला गिअरची येत नाही."

मैंदर्गी आली. सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या, मागे भावकी. साडूंनी गाडी थांबवली नाही. दारावरून पुढे नेली, बाजारातून वळवली आणि परत आणली. पुन्हा थांबवली नाही. दुसऱ्या फेरीला कोंबड्या पळाल्या, सासरे शेळी सोडून बघायला आले. तिसऱ्या फेरीला सासूबाई रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"थांबिवता का घालू तांब्या डोस्क्यात? पेट्रोल काय बोअरला लागलंय व्हय?"

गाडी थांबली. साडूंनी हात मागे करून मला घट्ट धरून ठेवल्यामुळे मला उतरता आले नाही आणि मला धरून ठेवल्यामुळे त्यांनाही. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या शर्टातून पिशवी ओढून घेतली आणि त्या आत गेल्या. आम्ही मागोमाग गेलो तोवर गंठण थोरलीच्या गळ्यात आणि पाटल्या धाकटीच्या हातात होत्या. बोरमाळ सासूबाईंनी स्वतः घातली. पदर सारखा केला. भावकीतल्या बायकांनी बघायचे ते बघून घेतले.

मग त्या पहिल्या पाटावर बसल्या.

"मामी, त्यो पाट..." साडू म्हणाले.

"कर्ज नसताना जिचं सोनं गेलं, तिचा ह्यो पाट. पंचं कुटं हायत?"

दोघांनी पंचे गुंडाळले. मी पुरणाचे धोंडे वाढले, साडूंनी त्यावर तूप. त्यांनी तूप सांडले, मी ते सगळ्यांना दिसेल असे पुसले. बायकांची पंगत उठल्यावर सासूबाईंनी जावयांसाठी दोन पाट शेजारी शेजारी मांडले, ओवाळले आणि रीतीप्रमाणे दिवा ठेवून अनारशांचे ताट प्रत्येकाच्या हातात दिले. ताटात अनारशांशेजारी वर्तमानपत्राच्या कागदाची एक एक पुडी होती. बरण्यांतले चिंचोके त्यांनी भाजून ठेवले होते.

"खावा आता," त्या म्हणाल्या. "मटणापेक्षा सस्त हायत."

वाटण्या सारख्या होत्या, त्यामुळे पुड्याही सारख्याच होत्या. साडूंनी तरी दोन्ही हातांवर तोलून पाहिल्या आणि उजवीकडची ठेवून घेतली.