सातव्या शिळेची मागची बाजू

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी छिन्नीमावशी दफनभूमीच्या उत्तरेकडच्या भिंतीशी गुडघे टेकून बसली होती आणि सहाव्या शिळेवरचं शेवाळ लाकडी पट्टीने खरवडत होती. लोखंड ती कधी वापरत नाही. जुन्या दगडावर लोखंड लागलं की शेवाळाबरोबर अक्षरही निघून येतं.

या वेळेला तिथे असण्यामागे हिशेब होता. सूर्य नुकताच वर आलेला असतो, ऊन भिंतीला घासून आडवं जातं आणि झिजलेल्या अक्षराच्या खोलगट कडेला केसाएवढी सावली पडते. अर्ध्या तासात ऊन वर चढतं, सावली जाते, दगड पुन्हा मुका. मावशीने अशी सावली धरून गेल्या महिन्याभरात या रांगेतली दहा नावं वाचली होती. रांगेत शिळा अकरा होत्या.

बाहेरचा रस्ता रुंद होणार होता. भिंत पाडून दहा फूट आत सरकवायची, असं ठरलं होतं. भिंतीला टेकवलेल्या शिळांखाली कोणी पुरलेलं नाही. थडगी आतल्या भागात आहेत. मात्र ज्यांच्या घरच्यांना थडग्यावर बांधकाम झेपलं नाही, त्यांची नावं त्या काळी या भिंतीशी लागायची. पालिकेचा नियम साधा होता: ज्या शिळेवरचं नाव किंवा व्यवसाय फोटोत स्वच्छ दिसेल, ती आत हलवायची आणि तिच्याखाली पाटी लावायची. बाकीच्या 'अनोळखी' म्हणून फोडून रस्त्याच्या भरावात. फोटो द्यायची मुदत आज, शनिवारी, साडेनऊपर्यंत होती. यंत्र दहाला सुरू होणार होतं.

राहिली होती सातवी शिळा. तिच्यावर सकाळच्या उन्हातही काही दिसत नव्हतं. ओलं फडकं फिरवून झालं, आरशाने बाजूचा उजेड टाकून झाला, कागद ठेवून कोळसा घासून झाला. दगड तळहातासारखा सपाट होता.

आणि नेमकी हीच शिळा मावशीच्या गोष्टीची होती.

छप्पन्न वर्षांची ही बाई शहरातली अक्षरं कोरणारी एकमेव. वडील हेच करायचे, आजोबा हेच करायचे. या दफनभूमीतला निम्मा मजकूर तिच्या घराण्याच्या हातचा आहे. गेली एकोणीस वर्षं दर रविवारी नऊला ती लोकांना इथून फिरवून आणते. फेरी गिरणीमालकाच्या अठरा फुटी खांबापाशी सुरू होते. खांबाची उंची त्याने हयातीतच ठरवली होती, त्यामुळे मावशी म्हणते, "हे मोजून घ्या, नाहीतर त्यांना राग येईल." मग शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका. त्यांच्या थडग्यावर दगडी पुस्तक उघडं ठेवलेलं आहे आणि दोन्ही पानं कोरी आहेत, कारण बाईंनी लिहून ठेवलं होतं की वाचायचं असेल त्याने शाळेत यावं. मग डॉक्टरांचा अर्धपुतळा. त्याचं नाक तिसरं आहे, पहिली दोन चेंडूने गेली. तिसरं मावशीनेच बसवलंय आणि ते मूळ नाकापेक्षा बरं आहे असं तिचं मत आहे.

तिथून लोक थेट सातव्या शिळेपाशी येतात आणि ती कंपाउंडरची गोष्ट सांगते. तापाच्या साथीत दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर स्वतः अंथरुणाला खिळले. दवाखाना कंपाउंडरने चालवला, त्रेचाळीस दिवस. प्रत्येक बाटलीवर डोस मोजायला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून तो घरोघर फिरला. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. चव्वेचाळिसाव्या दिवशी तो स्वतःच तापाने गेला.

हे सगळं तिला वडिलांनी सांगितलं होतं, आणि ही शिळा आजोबांनी कोरली हेही. दफनभूमीची जुनी नोंदवही उंदरांनी संपवली होती, त्यामुळे दुसरा पुरावा नव्हता. पालिकेच्या कारकुनाने महिन्यापूर्वी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं होतं, "म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही कोऱ्या दगडासमोर भाषण देताय?" हा प्रश्न तिला महिनाभर टोचत होता. सातवी शिळा भरावात गेली असती, तर कंपाउंडर या शहरात होता हे सांगणारी फक्त ती उरली असती, आणि तिचं कोणी का ऐकावं?

सहा वाजून बावन्न मिनिटांनी ती कंबर सरळ करायला उठली आणि तिची नजर शिळांच्या वरच्या कडेवर गेली. ही कड एरवी दिसायची नाही. भिंतीच्या माथ्यावरून सिमेंटचा पट्टा शिळांवर उतरलेला होता. तो ठेकेदाराच्या माणसांनी काल संध्याकाळी काढला होता. मावशीने सहाव्या शिळेच्या कडेवरून बोट फिरवलं. पुढची धार घासलेली, मागची धार ओबडधोबड. बरोबर होतं. भिंतीला लागणारी बाजू कोण घासत बसतं? मग आठवी. तीही तशीच. मग सातवी.

बोट मागच्या धारेपाशी पोचलं आणि थांबलं. मागची धारही घासलेली होती. पुढच्यासारखीच, गुळगुळीत, तिरकी कड पाडलेली.

मावशीने बोट दुसऱ्यांदा फिरवलं. मग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत तिसऱ्यांदा. दगडाच्या दोन्ही बाजू तयार करायला दुप्पट दिवस लागतात. कोणी हौसेने करत नाही. असं एकाच वेळी होतं: एका बाजूला अक्षर चुकलं की. चुकलेला दगड उलटा करायचा, दुसरी बाजू घासायची आणि पुन्हा कोरायचं.

हे कारण तिला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं, आणि न सुचण्याचं कारण तिच्या घरात होतं. आजोबांच्या हातून दगड कधी वाया गेला नाही, हे वाक्य ऐकत ती मोठी झाली होती. कारखान्यात गिऱ्हाईक आलं की वडील ते म्हणायचे, नातेवाईक आले की म्हणायचे, तिच्या लग्नाच्या बोलणीतही म्हणाले होते. आजोबांची शिळा उलटून बघावी, असा विचार त्या घरात कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

फोन लावताना घाईत नंबर दोनदा चुकला.

"भावोजी, उठलात का?"

धाकट्या दिराचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज दफनभूमीच्या मागच्या गल्लीत आहे. "वहिनी, सात वाजायच्या आत फोन म्हणजे कोणीतरी गेलं."

"गेले त्याला कैक वर्षं झाली. इंजिन उचलायची चेनपुली घेऊन या, तिच्या तिपाईसकट. आणि चार जुने टायर."

"गेलेल्या माणसाला टायर?"

"भावोजी, साडेनऊपर्यंत वेळ आहे. टायर आणा, प्रश्न नंतर आणा."

सव्वासातला दीर हातगाडी ढकलत आला. शिळेकडे बघून त्याने गाल फुगवून हवा सोडली. "दोनशे किलो तरी आहे. आणि मागे काय आहे म्हणता?"

"आजोबांची चूक."

दीर तिच्याकडे बघत राहिला. "तुमच्या घराण्यात तर दगड फुकट जात नाही. दादाला लग्नात तसंच सांगितलं होतं तुमच्या वडिलांनी. तेव्हापासून तो घरात दगडासारखा बसून असतो, आपणही फुकट जाऊ नये म्हणून."

"चेन लावा."

शिळा दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीत अडकवलेली होती. डावी पट्टी गंजून आतच तुटलेली निघाली, उजवी कापायला चाळीस मिनिटं गेली. दिराने मोठं करवतीचं यंत्र आणलं होतं, पण मावशीने त्याला हात लावू दिला नाही. हादऱ्याने जुना दगड आतून फुटतो आणि फुटल्यावर कळतं. हातकरवतीनेच कापलं. दोघं आळीपाळीने, घामाघूम. मग शिळेच्या पोटाखालून पट्टे गेले, तिपाई उभी राहिली, चेन एकेक कडी करत ताणली गेली.

साडेआठला शिळा भिंतीपासून बोटभर सुटली. आतून कट्ट असा आवाज आला.

दोघं थांबले.

"दगड का?" दिराने विचारलं.

मावशीने कान शिळेला लावला, मधल्या बोटाच्या पेराने तीन ठिकाणी ठोकलं. तिन्ही ठिकाणी घंटेसारखा खणखणीत आवाज आला. फुटका दगड भदभद वाजतो. "चुना सुटला. ओढा."

नऊला दहा मिनिटं असताना शिळा पुढे कलत कलत चार टायरांवर पालथी झाली. मागची बाजू वर आली. ती पूर्ण पांढरी होती, भिंतीच्या चुन्याने लिंपलेली. दीर खाली बसला आणि म्हणाला, "इथेही कोरंच."

मावशीने बादलीत फडकं भिजवलं आणि एका कडेने पुसायला सुरुवात केली. पृष्ठभागावरचा चुना मऊ पडून निघू लागला, खालून काळा दगड आला आणि त्या काळ्यात पांढऱ्या रेघा तशाच राहिल्या. चुना अक्षरांच्या खाचांत घट्ट भरून बसला होता. फळ्यावर खडूने लिहावं तशी ओळ उमटत गेली.

"वहिनी, हे तर वाचता येतंय."

"गप्प राहा, माझा हात हलेल."

पहिल्या ओळीत नाव होतं. दुसऱ्या ओळीत एकच शब्द: कंपाउंडर. मावशीने फडकं खाली ठेवलं, दोन्ही हातांनी डोळे पुसले, त्यामुळे कपाळापर्यंत चुना लागला, आणि पुन्हा फडकं उचललं. खाली तीन ओळींत साथीचे त्रेचाळीस दिवस आले, दवाखाना एक दिवसही बंद न पडल्याचं आलं. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक नक्षी आली. दिराला ती करवतीच्या दात्यांसारखी वाटली. मावशीने एका नजरेत ओळखली. औषधाच्या बाटलीवरची कातरलेली पट्टी होती, डोसाच्या खुणांसकट.

पालिकेचे साहेब नऊ वाजून पाच मिनिटांनी आले. त्यांच्यामागे यंत्रवाला होता. साहेबांनी टायर बघितले, चेनपुली बघितली, मावशीचं पांढरं कपाळ बघितलं आणि शेवटी दगड बघितला. ते खाली वाकले. दोनदा वाचलं.

"हे मागच्या बाजूला कसं काय?"

"शेवटची ओळ बघा," मावशी म्हणाली. ती ओळ ती आत्ताच पुसत होती. "पट्टीची नक्षी आधी कोरली, मग मजकूर. शेवटच्या ओळीला जागा किती लागेल ते मोजलंच नाही. बघा, 'वय वर्षे एकोणऐं', आणि दगड संपला. मग उलटा केला आणि त्या बाजूला सगळं पुन्हा लिहिलं. ती बाजू पावसाने खाल्ली. ही भिंतीने राखली."

"एकोणऐंशी?" साहेबांनी चष्मा वर केला. "पण तुमचा कंपाउंडर चौतिसाव्या वर्षी गेला ना? माझी बायको तुमच्या फेरीला येऊन रडून गेली होती."

मावशी टाचांवर बसली. तिने ओळ पुन्हा वाचली, मग आणखी एकदा, आणि एकदम हसायला लागली. दिराला वाटलं वहिनीचं काहीतरी बिनसलं.

"बाई, म्हणजे गोष्ट खोटी," साहेब म्हणाले.

"शेवट खोटा. बाकीची दगडावर आहे, वाचा तुम्हीच. तो मेला नाही, साहेब. पंचेचाळीस वर्षं जगला नंतर. मी दर रविवारी त्याला मारत होते." तिचे डोळे चमकत होते. "पंचेचाळीस वर्षं. काय करत होता? इथेच होता का? दवाखान्यातच होता का? शाळेच्या जुन्या दाखल्यांत त्याच्या मुलांची नावं सापडतील. आता नाव आहे ना आपल्याकडे."

"वहिनी, आधी फोटो," दीर म्हणाला.

साहेबांनी फोटो काढला. नऊ वीसला. फॉर्मवर सातव्या शिळेपुढचं 'अनोळखी' खोडून नाव आणि व्यवसाय लिहिला, सही केली. यंत्रवाल्याला सांगितलं की सातवी सगळ्यांत आधी आत जाईल, तोवर आठवीच्या पलीकडेच थांबा. मग पेन एका रकान्यावर थांबलं.

"दर्शनी बाजू. कोणती लिहू? आत गेल्यावर एकच बाजू पुढे राहणार. कोरी पुढे ठेवून खाली पाटी लावता येईल. तशी पद्धत आहे. किंवा ही. पण ही ठेवली तर," ते थोडे घुटमळले, "अर्धवट शब्द सगळ्यांना दिसणार. खाली कोरणाऱ्याचं नावही आहे."

होतं. उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. आजोबा काम सुरू करण्याआधीच आपलं नाव कोरून ठेवायचे.

मावशीने कोपऱ्यातल्या नावावरून अंगठा फिरवला. अक्षरं सुंदर होती. शेवटची ओळ सोडली तर या भिंतीतली सगळ्यांत देखणी शिळा हीच होती, आणि शेवटच्या ओळीत, शहरातलं कोणतंही शाळकरी पोर सांगू शकेल, जागा मोजायला विसरलेला माणूस दिसत होता.

"आजोबा, आधी मोजायचं असतं," ती हळू म्हणाली. मग साहेबांना म्हणाली, "हीच बाजू लिहा. आणि खाली पाटी नको. वाचता येतंय."

साडेदहापर्यंत शिळा मधल्या वाटेच्या डाव्या हाताला, डॉक्टरांच्या पुतळ्यापासून नऊ पावलांवर, चुकलेली बाजू पुढे करून उभी होती. मावशीने खाचांमधला चुना काढला नाही.

उद्या रविवार आहे. फाटक सहाला उघडेल. फेरी नऊ वाजता गिरणीमालकाच्या खांबापासून निघेल आणि कंपाउंडरच्या शिळेपाशी साधारण दहा वाजता पोचेल.