पाटीवरचं मधलं अक्षर

चौकात माझी लेक ड्यूटीवर होती. सिग्नल तोडलेला एक मोटारसायकलवाला तिच्या तोंडासमोर मोबाइल धरून ओरडत होता, "मॅडम, नाव सांगा! अख्ख्या गावाला दाखवतो."

समोरच्या टपरीवरून मी ताडकन उठलो. मी जुना हवालदार, सातवी शिकलेला. आमच्या वेळी आधी काठी बोलायची.

लेकीनं छातीवरची नावाची पाटी रुमालानं पुसली, मोबाइलसमोर सरळ धरली. "नीट दिसतंय ना, दादा? आता लायसन काढा."

गडी मोबाइल खाली घेऊन खिसे चाचपू लागला.

मी सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही. पण सगळं जग बघत असताना असं शांत उभं राहणं मला जमलं नसतं. त्या पाटीवर मधलं अक्षर बापाच्या नावाचं, म्हणजे माझं आहे. मी खाली बसलो, ताठ.