एसीचा जानवसा

लग्नाला जागा भाड्यानं देणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. मांडव उतरला की अंगणात दोनच गोष्टी उरतात, खरकट्या पत्रावळी आणि किस्से. पत्रावळी गल्लीतल्या गायी खातात. किस्से कुणी खात नाही, ते माझ्याकडंच साचत गेले.

आमची जागा परभणीत, मोंढ्याच्या म्हणजे धान्यबाजाराच्या मागं. पुढं मोठं अंगण, त्यात एक डेरेदार कडुलिंब, मधे हॉल आणि मागच्या बाजूला एक खोली. ती खोली म्हणजे जानवसा, वराकडची मंडळी उतरायची ती. मालक गेल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, तुमाला लिहिता-वाचता येत न्हाई, जागा आमच्या हवाली करा." मी म्हटलं, सहा महिने थांबा. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग पडला होता, त्याच्यावरच मी अक्षरं शिकले. त्यामुळं "आमचे येथे श्रीकृपेकरून" मला आधी वाचता आलं आणि स्वतःचं नाव नंतर. पावतीपुस्तक तेव्हापासून माझ्या हातात आहे. दीर अजून थांबलेत!

* * *

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. आज मोर्चा, उद्या बंद. ज्या दिवशी बस चालू तो मुहूर्त चांगला, असा हिशेब. त्याच काळात मी हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक एसी मागवला. सरकीच्या ट्रकवर बसून तो परभणीत आला. गल्लीनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. माझं इंग्रजीही त्याच मशीनवर झालं. हाय कूल, लो कूल, फॅन, ऑफ. या चार शब्दांवर माझं आजवर काही अडलेलं नाही.

पहिल्याच लग्नात पंधरा माणसांच्या खोलीत साठ जण शिरले, बँडवाल्यांसकट. मग ओरड सुरू झाली की मशीन खोटं आहे, गार होईना. मी बाबूभाई मिस्त्रींना बोलावलं. फ्रिज, कूलर, काय वाटेल ते दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही. दारात उभं राहून डोकी मोजली आणि मला म्हणाले, "आक्का, मशीन डेढ टन का. बाराती पाच टन के. मैं कायकू खोलूं?"

* * *

तिथून पुढं सोयरिकीच्या बैठकीत नवंच कलम आलं. घड्याळ, सायकल, अंगठी झाली की वराकडचा एखादा मामा घसा साफ करून म्हणायचा, "आणि जानवसा एसीचा." परभणीत तशी खोली एकच, माझी. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. पैसे मुलीच्या बापाकडून येतात याचा विचार मी तेव्हा केला नाही. खोटं कशाला सांगू?

झरीकडचे एक पाहुणे होते. घरात साधा पंखा नाही, पण जानवसा एसीचाच पाहिजे. लग्न मार्गशीर्षातलं. सकाळी मी खोलीत डोकावले तर मशीन हाय कूलवर आणि सगळं वऱ्हाड घोंगड्या पांघरून भिंतीला चिकटून बसलेलं. नवरदेवाच्या कानाला मफलर, वर बाशिंग. मी म्हटलं, "बंद करू का?"

वरबापाचे दात वाजत होते. "ऱ्हाऊ द्या आक्का. पोरीच्या बापानं भरलेत पैसे."

* * *

एकदा ऐन मुहूर्ताआधी लाईट गेली. चैत्राचं ऊन, मशीन बंद. नवरदेव रुसला. मशीन सुरू झाल्याबिगर पोरगा मांडवात येणार न्हाई, असं त्याच्या बापानं जाहीर करून टाकलं. मुलीचा मामा पाय धरायला वाकला, त्याला मी बखोटीला धरून बाजूला केलं.

मग आत गेले. खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि सगळ्यांना बजावलं, "आत गार हवा हाय तेवढीच हाय. लाईट येईस्तोवर पुरवून वापरा. दार कुणी उघडायचं न्हाई." बाहेर आले आणि कडी घातली.

पंधरा मिनिटांनी आतून दार वाजलं.

"कोण हाय?"

"नवरदेव."

"हवा संपली का?"

"आक्का, मुहूर्त टळायलाय."

त्या दिवशी नवरदेव मांडवात भटजींच्या आधी पोचला.

* * *

त्या वर्षांत जागा मागायला आलेल्याला तारखेच्या आधी आडनाव विचारायची खोड सगळ्या गावाला लागली होती. एक मास्तर आले, मुलीचं लग्न होतं. आल्या आल्या त्यांनीच आडनाव सांगून टाकलं. नाही म्हणायचं असेल तर मी लवकर म्हणावं, एवढ्यासाठी. तीन जागी "तारीख भरली" असं ऐकून आले होते.

मी म्हटलं, "आडनाव पावतीवर लागतं, शेवटी. आधी सांगा, एसी वराकडच्यांना पाहिजे का?"

मास्तर म्हणाले, "व्याह्यांचं म्हणणं असं, की खोलीत दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बसतील. खर्च निम्मा-निम्मा."

मी त्यांना पुन्हा एकदा विचारलं. निम्मा-निम्मा हा शब्द माझ्या अंगणानं तोवर ऐकलेलाच नव्हता.

पुढच्या लग्नाचे शेठजी माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "त्या लग्नानंतर खोली धुवून घेतली ना आक्का?"

"घेतली की. पण त्या लग्नाच्या आधी," मी म्हटलं. "तुमचे पाहुणे मागच्या खेपेला कोपऱ्यात पान थुंकून गेलते. मास्तरांच्या माणसांना ते दाखवायची मला लाज वाटली."

* * *

मशीन मेलं ते नेमकं सीझनच्या तोंडावर. बाबूभाईंनी उघडलं, वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. "कंप्रेसर गया आक्का. पंखा तेवढा जिंदा है." दुरुस्तीला जेवढे लागणार तेवढ्यात नवंच येईल, म्हणाले. आणि नव्याची किंमत? दोन दुभत्या म्हशी दावणीला बांधता आल्या असत्या.

सल्ला द्यायला सगळे आले. सगळ्यांचा सल्ला एकच, भाडं वाढवा. मी चार दिवस त्याचा विचार केला. भाडं भरणार मुलीचा बाप. म्हणजे गार हवेत लोळणार वराकडचे, मशीनची वाट लावणार तेच आणि नवं मशीन घेऊन देणार वालूरचे नागोराव.

नागोरावांचं नाव घेतलं, कारण सीझनमधलं पहिलं लग्न त्यांच्या मुलीचं, कमलचं होतं. वालूरच्या बाजारात त्यांचं कापडाच्या तुकड्यांचं छोटं दुकान. मशीन मेल्याची कुणकुण त्यांना लागली आणि ते सकाळच्या पहिल्या गाडीनं माझ्याकडं आले. व्याही देवगाव फाट्याकडचे. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, एसी नसंल तर वऱ्हाड फाट्यावरूनच माघारी जाईल.

नागोरावांनी पिशवीतून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या. "पोरीनं शिवण शिकलंय आक्का. तिला शिलाई मशीन घेऊन द्यायचं म्हणून ठेवलेते. हे वाढीव भाडं धरा. पण एसी बसवा."

मी गाठ न सोडता रुमाल त्यांच्या पिशवीत परत टाकला. "पोरीला मशीन घ्या. आणि व्याह्यांना कळवा, एसी तयार हाय."

* * *

बाबूभाईंना मी दोनच कामं सांगितली. मशीन पुसून चकचकीत करा आणि त्याचा पंखा सुरू करा. पंखा सुरू झाला आणि मशीन मेल्यावर जिवंतपणीपेक्षा जास्त गरजायला लागलं.

मग मी एका पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात लिहिलं: "एसी चालू आहे. जो आत बसेल त्याने तासाचे भाडे आधी स्वतः भरावे. मुलीकडच्यांचे पैसे घेतले जाणार नाहीत." पुठ्ठा जानवशाच्या दारावर लटकवला आणि दाराला कुलूप लावलं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी लिंबाखाली पाणी शिंपत होते. वर सतरंज्या टाकल्या. दोन रांजण भरून ठेवले, पाण्यात वाळा सोडला. बाबूभाई हे सगळं बघत उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "आक्का, किसीने पैसे भर दिए तो?"

"तर वऱ्हाड इथूनच माघारी, आणि आपण दोघं त्याच्या म्होरं."

त्यांना हसू आलं नाही. मलाही आलं नव्हतं. कमल हॉलमधे हिरव्या चुड्यात बसली होती.

भर उन्हात टेंपो आला. वरबाप पहिले उतरले, थेट खोलीकडं गेले आणि पाटीपुढं थबकले. वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वरून सुरुवात केली. आतून मशीनची घरघर येत होती. नवरदेवाचा धाकटा चुलता, नुकताच नोकरीला लागलेला असावा, खिशात हात घालून मला म्हणाला, "किती व्हतेत तासाचे?"

बाबूभाई हळूच आपल्या सायकलीकडं सरकले. किल्ली माझ्या कमरेला होती, ती मी मुठीत धरली.

वरबापानं त्याचं मनगट पकडलं. "कशाला? एसीनं गुडघे धरतेत."

झालं. अख्खं वऱ्हाड लिंबाखाली बसलं. वरबाप येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला गुडघ्याचं सांगत होते. परभणीच्या डॉक्टरनं काय सांगितलं, हैदराबादच्या हकिमानं काय सांगितलं. दुपार होईपर्यंत मुलीकडच्या दोन म्हाताऱ्यांचेसुद्धा गुडघे दुखायला लागले. कुलूपबंद खोलीत मशीन आपलं भिंतींना ओरडत राहिलं. अक्षता वेळेवर पडल्या.

निघताना टेंपोच्या टपावर गोणपाटात गुंडाळलेलं शिलाई मशीन चढलं. नागोराव स्वतः दोरी बांधत होते. वरबाप माझ्यापाशी आले, हात जोडले, आजूबाजूला कुणी नाही असं बघून जरा जवळ सरकले.

"आक्का, खरं सांगू का? एसी लय भारी हाय तुमचा. आमी तिकडं लिंबाखाली बसलो तरी त्याची गार झुळूक यायली होती."