थप्पड खोडणारे अप्पा

वीरभद्रप्पा गुरुजी, म्हणजे आमचे अप्पा, पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथासाठी मला लिहायला सांगितले, ही संपादकांची हिंमतच म्हणायची. अप्पांचे गुणी शिष्य पुष्कळ आहेत. अप्पांना सर्वांत जास्त मनस्ताप दिला तो मी.

पहिली भेट बसवकल्याणच्या एका शाळेत, तालमीच्या वेळी झाली. अप्पा तिथे मराठी शिकवीत आणि जत्रांसाठी स्वतः नाटके लिहून बसवीत. माझे कापडाचे दुकान. उंची चांगली, आवाज खणखणीत, मिशीला पीळ. नायक व्हायला आमच्याकडे एवढे पुरत असे. अप्पांनी मात्र दोन वर्षे मला पडदा ओढायला आणि बाहेरगावच्या नायिकांना बसस्टँडवरून आदराने घेऊन यायला ठेवले. मी मनातून जळफळत होतो.

पुढे नायकाची भूमिका मिळाली. त्या नाटकात नायक उलट बोलणाऱ्या बायकोच्या थोबाडीत मारतो. आमच्याकडच्या जत्रांत आवडलेला प्रवेश ‘वन्समोर’ ओरडून पुन्हा करायला लावतात; गाणे असो की थप्पड. औरादकडच्या एका गावात त्या थपडेला दोनदा वन्समोर आला. पहिल्या दोन्ही वेळा मी नुसता हात फिरवला, आवाज पडद्यामागून टाळीचा. तिसऱ्यांदा शिट्ट्यांनी डोके फिरले आणि मी खरीच मारली. लातूरच्या रेणुकाबाई आमच्या नायिका. ओठ फुटून त्या खाली बसल्या, तरी लोक टाळ्या पिटतच होते. माझी पत्नी महानंदा पुढच्या रांगेत होती.

अप्पांनी पडदा पाडला. आता माझी खरडपट्टी निघणार, असे वाटले; पण ते पडद्यापुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, “ही थप्पड मी लिहिलो. चूक माझी हाय. नाटक इथंच थांबवायलोय.” गावकरी भयंकर चिडले. त्या गावाने आम्हाला पुन्हा बोलावले नाही. रेणुकाबाईंना अप्पांनी स्वतः दवाखान्यात नेले, मग लातूरला घरी पोचवले आणि त्यांच्या आईचीही माफी मागितली.

पुढच्या तालमीला अप्पांच्या वहीतल्या थपडेच्या पानावर आडव्या रेघा होत्या. नव्या प्रवेशात नायक जमिनीवर बसून बायकोची माफी मागणार होता. मी साफ नकार दिला. बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे काय मर्दाचे काम आहे, असे बरेच बडबडलो. अप्पांनी सगळे ऐकून घेतले.

“लोकं हसतील की,” ते म्हणाले. “पण रेणुकाबाई तुझ्यासमोर पुन्हा उभं राहायला तयार हायत. मग तू कामून भ्यायलास?”

शेवटी प्रवेश केला. लोक हसले, खरेच हसले. एकाने बांगड्या भरायचा सल्लाही दिला. वन्समोर काही आला नाही.

घरी आल्यावर महानंदा शांतपणे म्हणाली, “स्टेजवर माफी मागितलाव. माझी कवा मागणार हाव?”

हे छापू नका, असे मला दोघातिघांनी सुचवले. छापावे, अशी माझी विनंती आहे. माझा हात घरातही उठत असे, आणि तिथे तो नुसता फिरवलेला नसे. याची मला आज लाज वाटते. मी स्वयंपाकघरात खाली बसलो. नाटकातले पाठ केलेले वाक्य न म्हणता, मोडक्यातोडक्या शब्दांत तिची माफी मागितली. महानंदाला माझ्यावर विश्वास ठेवायला कितीतरी महिने लागले, आणि ते रास्तच होते.

अप्पांचे गुडघे आता दुखतात, तरी तालीम चुकत नाही. नव्या मुलांच्या हातातली मोबाईलवरची मारधाड पाहून ते रागावत नाहीत. शेजारी बसून, मार खाणाऱ्याच्या घरी कोण असेल, एवढेच विचारतात. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, असा समारोप मी लिहिला होता. तो महानंदाला वाचून दाखवला. तिला तो कोरडा वाटला. म्हणून तिने सांगितला तसाच देतो:

“अप्पान्ला लई आयुष्य मिळू दे. ह्यांची दुकानातून यायची येळ झाली की मला भ्याव वाटायचं. आता न्हाई वाटत.”