सात दिवसांचं पाणी

मी हिंगोलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. अंगात येणं, नजर लागणं, मांजर आडवं जाणं... या सगळ्यावरून पोरांची टर उडवण्यात माझी वीस वर्षं गेली. औंढ्याच्या रस्त्याला आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथले लोक मला ‘मास्तर’ म्हणतात ते निम्मं कौतुकाने आणि निम्मं चिडून. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटते आहे. पण जसं घडलं तसं लिहितो, हसायचं तर हसा.

घरात आम्ही चौघं. मी, बायको सारिका, आठ वर्षांची पिहू आणि माझे वडील — बापू. याडी, म्हणजे माझी आई, गेल्यापासून बापू तांडा सोडून आमच्याकडे हिंगोलीत राहायला आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. डाव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. नांदेडच्या पलीकडे त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वाळवंट बघायचं ठरवलं होतं. वर्गात वाळूच्या टेकड्या फळ्यावर काढून काढून मला कंटाळा आला होता. रोज बॅगा उचलून नवं लॉज शोधणं पिहूला झेपलं नसतं, म्हणून बेत असा केला की राजस्थानात फलोदी या लहानशा गावात सात दिवस मुक्काम ठोकायचा. रेल्वेने जायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची, रोज सकाळी एका दिशेला निघायचं आणि संध्याकाळी परत. एक दिवस खीचनचे करकोचे, एक दिवस पोखरण, एक दिवस ओसियांच्या टेकड्या, एक दिवस बाप नावाच्या गावची मिठागरं, असं. मी ड्रॉइंग पेपरवर मधोमध फलोदी काढली आणि सात रंगांनी सात रस्ते. भूगोलाच्या मास्तरला दुसरं काय येणार!

बापूंना न्यायचं नाही हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. गुडघे दुखतात, थंडी बाधते, माझी बहीण आठ दिवस येऊन राहील... सगळी कारणं तयार होती. खरं कारण एवढंच, की आम्हाला मोकळं फिरायचं होतं.

बापू बाजेवर बसून तो कागद बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की सातही दिवस एकाच जागी का. मी सोय समजावून सांगितली. (घरात आम्ही गोरमाटी बोलतो, इथे आमच्याकडच्या मराठीत लिहितो.)

“मंग पाणी कोण बघून आलं?”

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणतात. तांडा एका रात्रीपुरता कुठेही टेकायचा. पण जास्त दिवसांचा मुक्काम असला तर आपल्यातला एक माणूस पुढे पाठवायचे. तो तिथलं पाणी स्वतः पिऊन बघायचा, आणि तांडा येईपर्यंत तिथेच थांबायचा. बापूंचा आजा हे काम करायचा, असं घरात सांगतात. मी हसत म्हणालो, बापू, मी शंभरेक रिव्ह्यू वाचलेत, पाणी छान आहे.

“ते परक्यांनी बघितलेलं पाणी. एका रातीचं असतं तं चाललं असतं. सात दिस पाजायचं लेकराला, घरचं कोणीतरी जाया पायजे.”

मी विषय बदलला. फलोदीच्या एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये खोली बुक केली. मालक भंवरलालजी, साठीचे, फोनवर अगदी गोड बोलणारे. मी त्यांना फक्त नाव, तारखा आणि ‘तीन लोग’ एवढंच सांगितलं होतं. फोटो नाही, घरच्यांची माहिती नाही, काही नाही.

आठेक दिवसांनी, रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांचा फोन आला. थोडे संकोचून म्हणाले की खोली तर तुमचीच आहे, पण तुम्ही आधी कळवायला हवं होतं. मी म्हटलं, काय कळवायला हवं होतं?

“आपके बापूजी तो आ गए। आँगन में बैठे हैं।”

बापू समोरच्या खोलीत झोपले होते. दारातून त्यांचे पाय दिसत होते मला. मी म्हटलं, भंवरलालजी, दुसरे कुणी असतील. ते म्हणाले, नाही, ‘हिंगोलीचे मास्तर माझे चिरंजीव’ असं सांगतात. चहा घेतला, आडाचं पाणी मागून तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. आणि मग भंवरलालजींनी मला अगदी सहज विचारलं की त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना काय झालं होतं.

मी फोन ठेवला. आधी राग आला. तांड्यावरच्या कुणीतरी मास्तरची जिरवायला हा उद्योग केला असणार. दोन चुलतभावांना फोन करून झापलंही. ते बिचारे शेतात सोयाबीन काढत होते, त्यांना फलोदी हा शब्दही धड म्हणता येईना.

पाच वाजता बापू उठले. सारिका चादर झटकायला गेली आणि तिने मला हाक मारली. चादरीवर पायाकडच्या बाजूला वाळू होती, दोन चिमट्या. शेजारी बांधकाम चालू आहे, कयाधू नदीची वाळू रस्त्यावर पडलेली असते, मी म्हटलं तीच. पण रात्री राहवलं नाही. शाळेचं भिंग घरीच होतं. नदीची वाळू जाडी-भरडी असते, तिचे कण कोनदार असतात. वाऱ्याने वर्षानुवर्षं घासलेली वाळू बारीक, गोल आणि घासलेल्या काचेसारखी धुरकट दिसते. दर वर्षी हा फरक मी फळ्यावर लिहून देतो. भिंगाखालचे कण गोल होते. आमच्या जिल्ह्यात काळ्या मातीच्या शेतापासून नदीच्या पात्रापर्यंत कुठेही अशी वाळू नाही.

त्या आठवड्यात माझं शाळेत लक्ष लागेना. एरवी अर्धा तास आडवे होणारे बापू आता दुपारी दोनला झोपायचे ते पाचला उठायचे. उठल्यावर दमलेले दिसायचे, लांबून चालत आल्यासारखे. आणि रोज तीनच्या पुढे फलोदीहून फोन यायचा. आज बापूजींनी गाईला चारा टाकला. आज मागच्या आवारातल्या, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्याचं झाकण उघडायला लावलं, पाणी चाखलं, मान डोलावली. भंवरलालजींना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. कुठे उतरलेत विचारलं तर गावात कुणाकडे तरी राहत असतील, म्हणाले.

एके दिवशी दुपारची रजा टाकून मी घरी थांबलो आणि म्हटलं, एक फोटो पाठवा. फोटो आला. अंगण, खेजडीचं झाड, बाज. बाजेशेजारी जमिनीवर चहाचा कप. बाजेवर कुणी नव्हतं. पण बाजेची सुतळी मधोमध खाली ओढलेली होती, माणूस बसल्यावर ओढली जाते तशी. मी लिहिलं की यात कुणीच नाही. त्यांचं उत्तर आलं — “बैठे तो हैं, मास्टरजी।”

मी तसाच बापूंच्या खोलीत गेलो आणि त्यांच्या नाकासमोर हात धरला. श्वास चालू होता.

संध्याकाळी धीर करून त्यांना विचारलं. ते भाकरी दुधात कुस्करत होते.

“मला काय म्हाईत, पोरा. झोपेत असतो मी. पण आडाचं पाणी खारं हाय. टाक्याचं गोड हाय. पिहूला टाक्याचं द्या.”

सारिकाने त्याच रात्री निकाल दिला. जायचं नाही. माझंही मत तेच होतं. मला वाटलं, आपण गेलोच नाही की हे थांबेल. मी तिकिटं रद्द केली आणि भंवरलालजींना मेसेज टाकला. सकाळी बापूंना सांगितलं, बेत मोडला, आता निवांत राहा. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते घाबरले. वडिलांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“असं करू नको. पुढं गेलेला माणूस वाट बघतो. तांडा आला न्हाई तं त्यो माघारी येत न्हाई.”

मी समजूत घालून शाळेत गेलो. तांड्यातच वाढलेला मी, ही रीत शंभरदा ऐकलेली, तरी कानाआड केली. शिकलेल्या माणसाची चूक ती हीच.

त्या दुपारी बापू दोनला झोपले आणि पाचला उठले नाहीत. सहाला नाही, सातला नाही. हलवलं, पाणी मारलं, पिहूने कानात हाका मारल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. नाडी नीट, बीपी नीट, साखर नीट. सकाळपर्यंत जागे झाले नाहीत तर नांदेडला हलवा म्हणाले. सकाळ झाली. गाडी सांगितली होती ती यायला तासभर होता. बापूंचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि मी बाजेशेजारी बसून स्वतःला शिव्या देत होतो. माणसाला आठ दिवस मागे टाकून जायला निघालो होतो, आणि आता तोच आम्हाला सोडून निघाला होता.

सारिका म्हणाली, फोन लाव.

मी म्हटलं, कुणाला?

“तुमाला म्हाईत हाय कुणाला. काहून येळ घालवून राहिले?”

स्पीकर चालू ठेवून लावला. भंवरलालजींनी उचलला. ते थोडे काळजीत होते. म्हणाले, बापूजी काल संध्याकाळी गेलेच नाहीत, रात्रभर अंगणातच बसून आहेत, काही खात नाहीत, सारखे रस्त्याकडे बघतात. तुम्ही बुकिंग रद्द केलंत हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, त्यांना फोन द्या.

चपलांचा आवाज आला. कुठेतरी मोर ओरडला. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर... आणि आवाज. बापूंचा. आमच्या गोरमाटीत, जी त्या घरात कुणालाही येत नाही.

“निघाले का?”

बापू माझ्यासमोर झोपलेले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. माझी नजर त्यांच्या ओठांवरून हलली नाही हे मी पिहूच्या डोक्यावर हात ठेवून सांगू शकतो. सारिकाने माझा दंड इतका जोरात धरला होता की दोन दिवस वळ होता.

“निघालो, बापू,” मी म्हणालो. “सगळेच येऊन राहिलो. तुमी बी संगं चला.”

पलीकडून फक्त वारा ऐकू आला. आणि समोर बापूंनी मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

आम्ही गेलो. चौघंही. तिकिटांसाठी काय धावपळ झाली ते सांगत बसत नाही. फलोदीत उतरलो तेव्हा भंवरलालजी दारात उभे होते. आम्हा नवरा-बायकोला त्यांनी पाव्हण्यांसारखं नमस्कार करून आत घेतलं. बापूंना मात्र घरच्या माणसासारखं रागावले की त्या दिवशी चहा अर्धा टाकून, न सांगता कुठे निघून गेलात. बापू नुसते हसले. मग काठी टेकत, कुणाला न विचारता, घराला वळसा घालून थेट मागच्या आवारात टाक्यापाशी गेले आणि पिहूसाठी तांब्या भरून आणला. आडाचं पाणी मी चाखून बघितलं. खारं होतं.

सातही दिवस ते फिरायला आले नाहीत. खेजडीखाली त्याच बाजेवर बसून राहायचे. आम्ही संध्याकाळी परत आलो की चौघांची डोकी मोजायचे, स्वतःचंही धरून, आणि मगच जेवायला उठायचे. मी त्यांना मागे ठेवायला निघालो होतो, याबद्दल ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत पिहू त्यांच्या मांडीवर झोपली होती. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले,

“पुढच्या टायमाला लई लांब जायचं हाय. मी आगुदर जाऊन बघतो. तुमी घाई करू नका.”

या उन्हाळ्यात, दुपारी झोपेतच बापू गेले. कसला त्रास नाही, आवाज नाही. पाचला सारिका चहा घेऊन गेली तेव्हा कळलं.

सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांची चादर अंगणात नेऊन पांढऱ्या कागदावर झटकली. भिंग खिशात होतं. काही पडलं नाही, एक कणही नाही. मग मी फलोदीला फोन लावला. काय विचारायचं ते मला सुचेना, पण भंवरलालजींना कळलं असावं. ते चालत अंगणात गेले.

“नहीं, मास्टरजी। खाट खाली है।”

मी तिथेच बसून रडलो. तिथे नाहीत म्हणजे या वेळी ते खरंच लांबच्या मुक्कामाचं पाणी बघायला गेलेत, आणि तिथे लावायला माझ्याकडे नंबर नाही.

तो आवाज कुणाचा होता, ती वाळू कुठली होती, मला आजही सांगता येत नाही. भिंगाखालचे ते कण काचेच्या बाटलीत घालून ठेवलेत. वर्गात अजून दाखवलेले नाहीत. अंधश्रद्धेवरून पोरांची टर उडवणं मी बंद केलं आहे. आणि घरातलं कुणी कुठे जायला निघालं की मी आता आधी डोकी मोजतो. पुढं गेलेला माणूस वाट बघतो, एवढं मला कळलंय. आम्ही घाई करणार नाही, बापू. पण येऊ.