मॅकिन्टायरसाहेबांचं आडनाव

विमान खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून आधी नुसती पिवळी वाळू दिसली, मग तिच्या काठाशी हिरवट निळं पाणी. विमानात बसलेला मी आमच्या घरातला दुसरा माणूस, पहिला दादा. वहिनीला मुलगा झाला होता. आखातात लढाई चालू आहे म्हणून आई यायला घाबरली, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन कॉलेजच्या सुट्टीत मी निघालो.

टॅक्सीत दादानं पहिली गोष्ट सांगितली. "कंपनीत पासपोर्टवरचं आडनाव आहे. पण इथल्या मराठी मंडळींत आपण वाडीकर. सुतार म्हणू नकोस."

"का रे?"

"बारशाच्या आत ठरवायचंय. पोराला वाडीकरच लावून टाकणार आहे. त्याला तरी कोणी आडनावावरून जोखायला नको."

गावी बाबा बैलगाड्या करतात. त्यांना हे माहीत नव्हतं.

कुवेतच्या सालमिया भागातलं दादाचं घर समुद्राजवळ. सकाळी थंड पाण्याचा नळ सोडला आणि ओरडलोच! उन्हानं गच्चीवरची टाकी तापते, म्हणून इथं थंड नळालाच कढत पाणी येतं. शेजारच्या प्रधानकाकू हसत आल्या. त्या पुण्याच्या, इथं इस्पितळात नर्स. आम्हाला बहीण नाही, म्हणून बारशाला आत्या त्याच होणार होत्या. सोबत त्यांनी खुबूस (भट्टीतली मोठी रोटी) आणि पिठलं आणलं होतं. ती जोडी मला फार आवडली.

शुक्रवारी सुट्टी. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतले दादाचे साहेब, स्कॉटलंडचे मॅकिन्टायर, आम्हाला जुनी गलबतं दाखवायला घेऊन गेले. गाडीत त्यांनी मला विचारलं, "सुतार म्हणजे काय?"

मी दादाकडे पाहिलं. तो बाहेर बघत होता. खोटं मला जमेना. अडखळत इंग्रजीत सांगितलं, "लाकूडकाम करणारा."

साहेबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "अरे, मग मीही सुतारच! मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा मुलगा."

मग ते सांगत राहिले. त्यांच्या मूळपुरुषाची होडी भर समुद्रात फुटली. भोकात अंगठा खुपसून पाणी अडवलं, पण वल्ही मारायला हात मोकळा हवा; म्हणून त्यानं अंगठाच कापून तिथं ठोकून दिला, आणि लोक त्याला सुतार म्हणू लागले. पुढे वंशज समुद्रातली बेटं सोडून स्कॉटलंडच्या डोंगरांत आले, ते एका पांढऱ्या गाईमागून. ती बसली त्या दरीत राहिले. जमिनीचा खंड काय, तर उन्हाळ्यात बर्फाचा एक गोळा आणि एक पांढरं वासरू! नंतर मालकानं रोख पैसे मागितले, वाढवत नेले, आणि दरी सुटली. कोणी कॅनडाला गेले, कोणी अमेरिकेला. साहेबांचे आजोबा ग्लासगोच्या जहाजांच्या कारखान्यात.

"खरं किती, देव जाणे," ते म्हणाले. "पण आमच्याकडे प्रत्येक पोराला हे सांगतात."

किनाऱ्यावर एक म्हातारा गल्लाफ (लाकडी गलबतं बांधणारा) काम करत होता. तरुणपणी तो मुंबईला येऊन गेलेला. "सागवान तुम्हारे मुल्क का," तो दादाला म्हणाला. दादा फळीवरून हात फिरवत राहिला. निघताना त्यानं उरलेले तुकडे मागून घेतले.

घरी मी वहिनीला म्हटलं, "साहेबांना आडनावाचा केवढा अभिमान!"

"भाऊजी, त्यांना आडनाव विचारून पंगतीत कुठं बसवायचं ते कोणी ठरवत नाही," ती म्हणाली.

त्यानंतर रोज संध्याकाळी दादा बाल्कनीत करवत आणि पटाशी घेऊन बसू लागला. विचारलं तर म्हणे, "बघशील."

बारशाला बायका जमल्या तेव्हा खोलीत सागाचा पाळणा टांगलेला होता.

"अगंबाई! वाडीकर, सूकमधून (बाजारातून) आणलात?" प्रधानकाकूंनी विचारलं.

दादाचा चेहरा लाल झाला. "मी केला, काकू. आणि वाडीकर नाही. आम्ही सुतार. पोरगाही सुतारच."

वहिनीनं पदर घट्ट धरला. एक बाई उगाच घुगऱ्या ढवळू लागल्या. काकूंनी पाळण्याची कड चाचपली.

"दोन वर्षं वाडीकर वाडीकर करून माझी जीभ झिजवलीत होय हो? माझ्या देव्हाऱ्याचं दार निखळलंय, ते कोण बघणार मग?"

"आणा की," दादा म्हणाला.

"आणीन. पण मजुरी घ्यायची. आत्याला फुकट काही नको." आणि त्यांनी बाळाला उचलून त्याच्या कानात नाव सांगितलं. वहिनी तेव्हा कुठं हसली.

मी गावी परतलो. कुवेतचे गुळगुळीत रस्ते, समुद्राचं पाणी गोड करणारे कारखाने, सगळं आईला सांगितलं. बाबांना मात्र साहेबांची गोष्ट आणि पाळणा सांगितला. वाडीकरचंही सांगितलं. ते रंधा मारता मारता म्हणाले,

"खिळे तर नाही ना मारले त्यानं पाळण्याला?"

"एकही नाही."

इतकी वर्षं मी पुस्तकांतून राजांच्या वंशावळी पाठ केल्या, पण हे कधी विचारलं नव्हतं. "बाबा, आपण या गावात कुठून आलो?"

त्यांनी रंधा खाली ठेवला. "लांबून," ते म्हणाले. "बस. सांगतो."