पिकू दे

जोह्याच्या एका कारखान्यात मी गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवते. या कामाला आखणी म्हणतात. बुबुळ केसभर सरकलं तरी मला लांबून कळतं, असा माझा तोरा होता. घरच्या कुत्रीचा एक डोळा मात्र महिनाभर धुरकट होत गेला आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं.

सासूबाई म्हणाल्या, “मोतीबिंदू हाय गो तिला. मला नव्हता झाला? पिकू दे, मग बघू.” मला पटलं. सीझन होता, मान वर करायला फुरसत नव्हती. आम्ही डोळा पिकायची वाट बघत राहिलो.

तो लाल होऊन बाहेर आला तेव्हा तिला ओळखीच्या टेम्पोतून रोह्याला नेलं. डॉक्टरबाईंनी डोळ्याचा दाब मोजला.

“हा काचबिंदू आहे. तो पिकत नाही, डोळा घेऊन जातो. हा गेलाच. दुसरा थोडे दिवस टिकवता येईल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थेंब माणसांचेच, मेडिकलमध्ये मिळणारे. हृदयाच्या गोळ्यांच्या जातीचं औषध. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक, चांगल्या डोळ्यात. मग डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. औषध अंगात उतरलं तर ठोके मंदावतात.

पाच महिने असे काढले. माहेर गागोद्याला, पण एक रात्र राहता आलं नाही. सासूबाईंचा हात कापतो, नवऱ्याची कंपनीत शिफ्ट. कंटाळले होते, खोटं कशाला बोलू? कधीकधी वाटायचं, डोळा जायचाय तर जाऊ दे एकदाचा. ती मात्र शहाणी. बाटलीचं झाकण वाजलं की माझ्या पाटासमोर येऊन बसायची आणि मान वर करायची.

गेल्या आठवड्यात ती दाराच्या चौकटीवर आदळली. पुन्हा रोहा.

“दिसणं संपलं,” बाई म्हणाल्या. “थेंब बंद करा. दुखू नये म्हणून गोळ्या देते.”

आधी हायसं वाटलं. त्याचीच लाज घेऊन घरी आले.

संध्याकाळी सातला झाकण वाजलं नाही. तरी ती भिंतीला घासत आली, पाटासमोर बसली आणि मान वर केली.

“सांग गो तिला, आता नाय म्हणून,” सासूबाई म्हणाल्या.

मला सांगता येईना. मी बाटली काढली, एक थेंब टाकला आणि मिनिटभर कोपरा दाबून धरला.